तुंगाबाईनं हेळव्याला बोलावलं

तुंगाबाईला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही. हे मी तिच्या तोंडावर सांगत आले आहे, त्यामुळे इथे लिहायला संकोच कसला? समोरच्या घरात गॅस आला तेव्हा तिला स्वतःच्या स्टोव्हचा वास एकाएकी सहन होईना. मी बी.ए. आहे हे तिनं मला अजून माफ केलेलं नाही. माझे गुडघे शाबूत आहेत याचंही तिला वाईट वाटतं. "विमलाक्का, तुमचं बरं हो, तुम्ही खुर्चीवर बसून दिवस काढलेत," म्हणते. त्या खुर्चीवर बसून मी शाळेतल्या पोरींना इतिहास शिकवला. पण जे काम मशीनवर होत नाही ते तिच्या लेखी काम नव्हे.

मशीनवर मात्र तिनं जन्म घालवला. ती आनेकलची. लग्न होऊन बेंगळूरला आमच्या कॉटनपेटात आली ती पिराजीरावांची बायको म्हणून. पिराजीराव शिंपी, हात चांगला, प्रकृती वाईट. मुलगा सुनील पहिलीत असताना ते गेले. तेराव्यानंतर दीर म्हणाले, दुकान भाड्यानं देऊन टाकू. दुसऱ्या दिवशी सकाळी तुंगाबाईनं शटर वर केलं आणि मशीनवर जाऊन बसली. तिला तोवर फक्त झबली शिवता येत होती. पहिल्या चड्डीचा एक पाय आखूड झाला, तो पोरगा वर्षभर तसाच शाळेत गेला. पुढे आसपासच्या सगळ्या शाळांचे युनिफॉर्म तिच्याकडे येऊ लागले. रांगेतल्या पोराकडे एकदा बघायची आणि कापड कापायची, टेप गळ्यात नुसता शोभेला.

सुनीलकुमारचं लग्न झालं १९९४ साली. मुलगी होसकोटेची, शिल्पाश्री. तिचे वडील शामसुंदरराव मूळचे निपाणीकडचे, होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा नटबोल्टांचा कारखाना. आणि आई शिवलीलाबाई, म्हणजे तुंगाबाईची विहीण. इथून पुढे तुंगाबाईला गॅस, गुडघे आणि माझी बी.ए. या सगळ्यांचा विसर पडला. मत्सर करायला एकच माणूस पुरेसं झालं.

शिवलीलाबाई वाईट नव्हेत. गोड बोलतात. गोड बोलता बोलता मध्येच एखादं वाक्य असं टाकतात की घरी गेल्यावर टोचायला लागतं. "तुंगाबाई, तुमचं घर लहान असलं तरी उजेड भारी हाय बघा." आता यावर माणसानं काय म्हणावं?

पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगा झाला. बारसंही होसकोट्यालाच. आम्ही इथून मेटॅडोर करून गेलो. पाळण्यात घालून नाव ठेवलं, अजिंक्य. घुगऱ्या वाटल्या. आणि मग शिवलीलाबाईंनी हेळव्याला पुढे बोलावलं.

हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ तोंडपाठ ठेवणारा माणूस. चिकोडी, निपाणी, बेळगाव या भागात त्यांची ठरलेली घरं असतात. काही वर्षांनी एकदा येतात, घराच्या मूळ पुरुषापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांची नावं म्हणतात, कोण कुठून आला, काय धंदा केला, तेही सांगतात. नवीन जन्मलेल्याचं नाव ओळीत घालतात, शिधा आणि कापड घेऊन जातात. पूर्वी बैलावर बसून यायचे. हा सिद्दप्पा हेळवी एस.टी.नं आला होता. बैल गावी, घंटा पिशवीत.

सिद्दप्पानं घंटा वाजवली आणि सुरू केलं. मूळ पुरुष येसाजी, काम किल्लेदारी. येसाजीच्या हाती किल्ल्याच्या चाव्या, येसाजीच्या दारी चौघडा. शिवलीलाबाई पदर सावरून अशा बसल्या होत्या की चौघडा अजून चालूच आहे. शेवटी शामसुंदररावांचं नाव आलं, शिल्पाश्रीचं आलं आणि सिद्दप्पा म्हणाला, "लेकीच्या पोटी अजिंक्य, किल्लेदाराचं नातू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुंगाबाईनंही वाजवल्या, पण त्या टाळ्यांना आवाज नव्हता.

परतताना मेटॅडोरमध्ये ती माझ्याशेजारी बसली होती. कृष्णराजपुरम आलं. मग म्हणाली, "नातू कुणाचा?"

"तुझा."

"मग तो मेला किल्लेदाराचा का म्हणाला?"

"त्यांचाही आहे."

"आमचं काय काहीच नाही? आम्ही काय आकाशातनं पडलो?"

मी म्हटलं, तुला ठाऊक असेल तर सांग ना, तुमचे पूर्वज काय करत होते. तिनं बोटांवर मोजायला घेतलं. पिराजीराव शिंपी. त्यांचे वडील शिंपी. त्यापलीकडे अंधार.

नुसता मानापमानाचा प्रश्न असता तर मी हे लिहायला बसलेच नसते. शामसुंदररावांनी सुनीलला कारखान्यात भागीदारी देऊ केली होती. होसकोट्याला घर, वर स्कूटर. सुनीलनं होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. तो गेला की सून गेली, नातू गेला, आणि कॉटनपेटच्या दुकानात तुंगाबाई आणि तिची मशीन. बाळ पाच महिन्यांचं झालं की शिल्पाश्री परत येणार होती. परत येणार, की सामान न्यायला येणार, एवढाच सवाल होता. आणि तुंगाबाईनं मनात पक्कं धरलं की हे सगळं त्या किल्ल्यामुळे होतं आहे. पोरगं किल्ल्याच्या बाजूला झुकतंय. तर आपल्याकडेही किल्ला पाहिजे.

ती कामाला लागली. आधी गेली सकवारबाईंकडे. या पिराजीरावांच्या आत्या, नव्वदीच्या घरात, ठार बहिऱ्या. तुंगाबाईनं कानाशी ओरडून विचारलं, "आत्या, आपले वाडवडील काय करायचे?"

"मी जेवले," सकवारबाई म्हणाल्या.

पाचव्यांदा ओरडल्यावर प्रश्न पोचला. "लष्करात होते," त्या म्हणाल्या. "माझा आजा सांगायचा. फौज जाईल तिथं आपली माणसं."

तुंगाबाई तिथून पळतच माझ्याकडे आली. "ऐकलंत? लष्करात!" मी म्हटलं, लष्करात घोड्याला गवत घालणाराही असतो. ते तिला आवडलं नाही. मी तिला वाचनालयात नेलं, इंग्रजांच्या वेळचं जुनं गॅझेटियर काढायला लावलं. त्यात लिहिलं होतं की या भागातले मराठे लोक शिपाईगिरी, शेती, शिवणकाम, रंगारीकाम आणि इतर किरकोळ चाकरी करत आले. मी वाचून दाखवलं. "शिपाईगिरी" ऐकल्याबरोबर तिनं पुस्तक मिटलं. "साकु विमलाक्का, पुरे झालं. पहिला शब्दच महत्त्वाचा." असलं संशोधन मी पस्तीस वर्षं नापास करत आले आहे.

पण तिच्याकडे स्वतःचा असा एक पुरावा होता, आणि त्यानंच घात केला. त्यांच्या घरी खंडेनवमीला, इथल्या भाषेत आयुधपूजेला, कात्री, टेप, मशीन यांच्याबरोबर एक जुनी लाकडी वस्तू पूजेत मांडतात. दंड हातभर, वरचा गड्डा नारळाएवढा. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर बसून तिचा आकारच कळेनासा झाला आहे. सासूनं मांडली म्हणून तुंगाबाई मांडत आली. कधी कुणी विचारलं नाही. पूजेतल्या वस्तूला, ही काय आहे, असं विचारायची रीत आपल्यात नाहीच. आता तिनं ती देवघरातून काढली, हातात तोलून बघितली आणि ठरवून टाकलं की ही गदा. लढाईतली. शिपाईसुद्धा साधा नव्हे, गदा चालवणारा!

"तुंगा, गदा मारुतीच्या हातात असते," मी म्हटलं.

"मग? मारुती काय शिपाई नव्हता?"

यापुढे कुणाचं काय चालणार. तिनं चिकोडीला निरोप धाडला, त्याच सिद्दप्पाला. दुसरा हेळवी चालणार नव्हता. ज्या तोंडानं किल्लेदार म्हटलं त्याच तोंडानं आपलं यायला पाहिजे, आणि शिवलीलाच्या कानात जायला पाहिजे. सिद्दप्पाचा उलट निरोप आला की पिराजीरावांचं घराणं आमच्याच ओळीतलं, कृष्णाकाठच्या शेजारच्या गावचं, आमच्या आज्यानं पिराजीपर्यंत म्हटलं होतं, नंतर तुमचा पत्ता लागला नाही, येतो.

त्यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? आधी एकटं बोलावून ऐकून घेतलं असतं. मी तिला हेच सांगितलं. एकदा का हेळव्यानं घंटा वाजवून मूळ पुरुषाचं नाव घेतलं की त्याला मध्ये थांबवायचं नसतं, ओळ तुटली तर घराला अशुभ. म्हणून जुनी माणसं आधी ओसरीवर बसवून हळूच ऐकतात, मग चारचौघांत म्हणायला सांगतात. तुंगाबाई म्हणाली, "तुम्हाला आमच्या घराचा भरवसा नाही." आणि शिल्पाश्री बाळाला घेऊन यायच्या दिवशीच कार्यक्रम ठेवला. सगळ्या गल्लीला आमंत्रण. विहिणीला तर स्वतः फोन करून. "या हं विहीणबाई, लवकर या, पुढं बसायला मिळेल."

शिवलीलाबाई जरीचं नेसून आल्या आणि पुढे बसल्या. शामसुंदरराव, सुनील, मांडीवर बाळ घेऊन शिल्पाश्री, कोपऱ्यात सकवारबाई. तुंगाबाईनं ती गदा शेंदूर लावून चौरंगावर उभी केली होती, झेंडूची माळ घालून.

सिद्दप्पानं चौरंगाकडे बघून नमस्कार केला, घंटा वाजवली.

"मूळ गाव कृष्णाकाठ. मूळ पुरुष विठोजी. विठोजी चालला फौजेच्या आधी. फौज झोपली, विठोजी जागा. फौज मागं, विठोजी पुढं."

तुंगाबाईनं विहिणीकडे बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही. परीक्षेत पहिली आलेल्या पोरीचा असतो तसा.

"विठोजीच्या खांद्यावर काय? खांद्यावर मोगरी. पाठीवर काय? मेखांचं पोतं. माळ बघितला, दगड वेचला, मेख ठोकली, दोर ताणला. विठोजीनं डेरा उभा केला. काम फरासाचं, हात सोन्याचा."

फरास म्हणजे डेरे ठोकणारा, जाजमं अंथरणारा. चौरंगावर झेंडूच्या माळेत जी उभी होती ती मेखा ठोकायची मोगरी होती. मी तुंगाबाईकडे बघितलं नाही. काही वेळा न बघणं हीच माणुसकी.

सिद्दप्पाला काय त्याचं? ओळ चालू झाली होती.

"डेरा कुणाचा? डेरा येसाजीचा. येसाजी किल्लेदार आला, विठोजीनं कनात वर धरली."

"अगबाई!" शिवलीलाबाई हळूच म्हणाल्या, पण शेवटच्या रांगेला ऐकू जाईल एवढं हळू. "म्हणजे आपला संबंध जुनाच म्हणायचा की!"

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. तुंगाबाईची मान ताठ होती. पदराचं टोक मात्र तिनं बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं. सकवारबाईंनी शेजारणीला विचारलं, "काय म्हणतोय?" शेजारणीनं कानात ओरडून सांगितलं. "मग मी काय वेगळं म्हटलं होतं?" सकवारबाई म्हणाल्या. "लष्करातच की."

सिद्दप्पा पिढ्या उतरत आला. डेरे गेले, फौजा मोडल्या, जाड कापड शिवणारे हात बारीक कापड शिवायला लागले, बेंगळूरच्या पेटेत आले. पिराजीच्या आज्याचं नाव आलं, वडिलांचं आलं. पिराजी, काम शिवणाचं. मग तो थांबला. इथून पुढे त्याला माहीत नव्हतं, विचारून घालायचं होतं. ही विचारपूस ओळीतच धरतात, तिनं ओळ तुटत नाही.

"पिराजीचा सुनील. सुनीलचं काम काय म्हणू?"

शामसुंदरराव घसा साफ करून म्हणाले, "कारखानदारी म्हणा. आजउद्या भागीदार होणारच आहेत."

तुंगाबाईनं डोळे मिटले. मला वाटतं, त्या क्षणी तिनं पोरगा दिला. किल्लेदाराला फरासानं जसा डेरा दिला तसा.

सुनील मुळात कमी बोलणारा. आईच्या घरात बोलायला जागा मिळाली नसावी. तो म्हणाला, "शिवणकाम म्हणा."

"सरी," सिद्दप्पा म्हणाला. "पिराजीनं शिकवलं, सुनीलनं धरलं..."

"बाबांनी नाही शिकवलं. ते गेले तेव्हा मी पहिलीत होतो. आईनं शिकवलं."

सिद्दप्पा घुटमळला. "बायकांचं काम ओळीत म्हणत नाहीत, अण्णा. अमक्याची लेक अमकी, एवढंच."

"मग माझंही म्हणू नका. मधली कडी काढली तर माझी कशाला अडकवायची?"

"सुनील!" शामसुंदरराव म्हणाले. "आणि कारखान्याचं?"

"मामा, मला नटबोल्टातलं काही कळत नाही. रागावू नका. मला चड्डीचं कळतं."

शिल्पाश्रीनं मान खाली घातली. मला वाटलं रडते आहे. नीट बघितलं तर हसू दाबत होती.

सिद्दप्पा जाणता माणूस. समोर शिधा मांडलेला, उन्ह चढलेलं, ओळ अर्धवट टांगलेली. तो म्हणाला, "म्हणतो की. काय मोठं! आमच्या आज्यानं म्हटलं नाही म्हणून मी म्हणू नये असं कुठं हाय?" आणि घंटा वाजवून म्हणाला, "पिराजी गेला, तुंगाबाई बसली. तुंगाबाईनं सुई धरली, शाळेच्या पोरांना कापड घातलं. काम शिवणाचं, हात सोन्याचा. तुंगाबाईचा सुनील, सुनीलचा अजिंक्य."

तुंगाबाई उठली आणि पानं मांडायला गेली. तिच्या मागे मी स्वयंपाकघरात गेले तर ताटल्या पुसत उभी होती, पुसलेल्याच परत पुसत. मला म्हणाली, "तिचं तोंड बघितलंत का?"

"कुणाचं?"

"शिवलीलेचं. मेलीचं नाव तिच्या ओळीत नाहीये!"

खरंच. होसकोट्याच्या बारशाला शामसुंदररावांचं नाव आलं होतं, त्यांच्या वडिलांचं, किल्ल्याच्या चाव्यांचं, लेकीचंसुद्धा. शिवलीलाबाईंचं आलं नव्हतं. तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्यांच्याही नाही. आता आलं होतं. जेवताना त्या दोनदा म्हणाल्या, "आमच्यात बायकांचं असं चारचौघांत म्हणत न्हाईत," आणि दोन्ही वेळा भात तसाच राहिला. निघताना सिद्दप्पाला बाजूला घेऊन काहीतरी बोलल्या. आम्ही खिडकीतून बघत होतो. सिद्दप्पा मान हलवत होता.

सुनील दुकानातच राहिला. शामसुंदरराव महिनाभर रुसले, मग कारखान्यातल्या कामगारांचे गणवेश शिवायला दिले. शिल्पाश्रीचं सामान आलं, गेलं नाही. नातवाला तुंगाबाई मशीनच्या पायथ्याशी चादरीवर टाकते आणि जो येईल त्याला सांगते, "किल्लेदार माळावर भिजत बसला असता हो, आमचा विठोजी आधी गेला नसता तर." फरासाची तिला लाज वाटली ती जेमतेम आठवडाभर.

दिवाळीच्या सुमारास मी तिच्याकडे बसले होते, तेव्हा होसकोट्याहून फोन आला. शिल्पाश्रीनं घेतला, ऐकलं, आणि हात फोनवर ठेवून सासूला म्हणाली, "आईकडे हेळवी आलाय. तिचं नाव घालायला तयार आहे. पण विचारतोय, काम काय म्हणू? आई म्हणते, मी काय काम केलं गं? तिला सुचेना झालंय. बाबा म्हणाले घरकाम, तर ती रडायला लागली."

तुंगाबाईनं मशीन थांबवली. मला वाटलं आता हसेल. कितीतरी दिवसांची वाट बघितलेली संधी होती. तिनं सुईतला दोरा तोडला.

"लोणचं," ती म्हणाली.

"काय?"

"लोणचं म्हणावं. कारखान्यातले सगळे कामगार बारा महिने तिच्या लोणच्याबरोबर जेवतात. एवढ्या बरण्या घालायच्या आणि एकीलाही बुरशी येऊ द्यायची नाही, हे काय खायचं काम आहे? सांग तुझ्या आईला, काम लोणच्याचं, हात सोन्याचा."

शिल्पाश्रीनं फोनवरचा हात काढला.

"थांब," तुंगाबाई म्हणाली. "मी सांगितलं म्हणून सांगू नको. आणि मीठ जास्त पडतं तिचं, ते काही ओळीत घालायची गरज नाही. पण पडतं."